चामराज : एका नावाचा इतिहास

मराठी कानाला ‘म्हैसूर’ ह्या नावात म्हैस ऐकू येते, आणि हा भास सर्वस्वी निराधार नाही. महिषाचा ‘ऊरु’, म्हणजे महिषासुराचे गाव, अशी ह्या नगरनामाची परंपरागत उपपत्ती आहे. आपला ‘म्हैस’ हा शब्दही त्याच कुळातला. नगराला नाव असुराचे, तर त्याच्या शेजारच्या टेकडीला नाव त्या असुराचा वध करणाऱ्या देवीचे! वडियार राजघराण्याने आपल्या मुलांकरिता टेकडीवरचे नाव घेतले. चामराज ते हेच.

चंड आणि मुंड ह्यांची शिरे घेऊन आलेल्या कालीला ‘चामुंडा’ हे नाव मिळाले, अशी सप्तशतीतील कथा आहे. साधक त्या दोन दैत्यांत स्वतःच्याच अंतःकरणातील विकार पाहतात. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी ‘धर्मसिंधू’त बालकाची चार नावे सांगितली आहेत : देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम. पहिल्याने बालक कोणाचे भक्त हे कळते, शेवटच्याने जग त्याला हाक मारते. ‘चामराज’ ह्या नावात ही दोन्ही एक झाली.

ह्या नावाची खरी कसोटी पडत्या काळात लागली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सत्ता हैदर अलीच्या हाती गेली. 1770 ते 1796 पर्यंत गादीवर लागोपाठ दोन चामराज बसले, पण ते अक्षरशः नामधारी होते. राज्य गेले, नाव तेवढे उरले. 1799 मध्ये टिपूच्या पाडावानंतर इंग्रजांनी दुसऱ्या चामराजाच्या पाच वर्षांच्या पुत्राला, मुम्मडी म्हणजे तिसऱ्या कृष्णराजाला, गादीवर बसविले. पण 1831 मध्ये कारभार पुन्हा काढून घेतला.

वृद्धापकाळी, 1865 मध्ये, ह्या निपुत्रिक राजाने दत्तक घेतला. सातारा 1848 मध्ये आणि नागपूर 1854 मध्ये खालसा झालेले पाहिलेल्या मराठी वाचकाला त्या प्रसंगातील धाकधूक निराळी सांगावयास नको. झाशीत गंगाधररावांनी 1853 मध्ये मृत्युशय्येवर आनंदराव नावाचे बालक दत्तक घेतले आणि आपल्या दिवंगत पुत्राचे ‘दामोदर’ हे नाव त्याला दिले. तरीही झाशी गेली. म्हैसूरचा दत्तक पुत्र चामराजेंद्र ह्या नावाने, म्हणजे राजाच्या पित्याच्याच नावाने, वारस ठरला; 1867 मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि 1881 मध्ये राज्यही परत आले.

हा फरक नावाच्या पुण्याईचा नव्हे. 1857 च्या उठावाने इंग्रजांचे दत्तकविषयक धोरण बदलले होते, इतकेच. नाव फळाची हमी देत नाही. दामोदर हे नाव काही चामराजाहून उणे नव्हते.

मग नाव देते तरी काय? आपण कोणाचे आहोत, ह्याची आठवण. संस्थाने गेली, तनखेही 1971 मध्ये बंद झाले. तरी 2015 मध्ये यदुवीर ह्या तरुणाला राजघराण्यात दत्तक घेतले गेले तेव्हा त्याच्या नावात ‘कृष्णदत्त चामराज’ हे शब्द आलेच. त्यांच्यामागे आता राज्य नव्हते, टेकडी मात्र होती.

बदलीच्या गावी ज्यांच्या घरी पाळणा हलतो, त्यांना ह्याहून अधिक काय सांगावे? बारशाला आत्याबाई आल्या नाहीत, तर शेजारची कन्नड गृहिणी बाळाच्या कानात नाव सांगेल. आपली जेजुरी अथवा तुळजापूर त्या कानापर्यंत पोहोचले, म्हणजे झाले.