आरसा आणि ठेव

ज्ञानेश्वरी सांगून झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली. एकनाथांनी तिचा पाठ शुद्ध केला शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली. मधल्या सुमारे तीनशे वर्षांत हा ग्रंथ हातोहात उतरला गेला. एखाद्याचा डोळा चुकला, एखाद्याला स्वतःची ओवी आत सरकवण्याचा मोह आवरला नाही, आणि गावोगावच्या पोथ्या एकमेकींशी भांडू लागल्या. नाथांनी पाठ निश्चित केला आणि यापुढे कोणी त्यात आपली भर घालू नये, असे बजावले. मूळ एक आणि प्रती अनेक. त्यांचा मेळ घालायचा कसा, हा प्रश्न इतका जुना आहे.

आज तोच प्रश्न यंत्रांना पडतो. आपले बँकेचे खाते, मुलांचे निकाल, लग्नाकार्याचे फोटो हे सारे हल्ली कोठे ना कोठे ‘सर्व्हर’ नावाच्या कॉम्प्यूटरवर साठवलेले असते. एक यंत्र बिघडले तरी काम अडू नये, म्हणून त्याची नक्कल दुसऱ्या गावच्या, पुष्कळदा दुसऱ्या देशातल्या सर्व्हरवर ठेवतात. आणि मुळात बदल झाला की नकलेतही तो आपोआप व्हावा, अशी व्यवस्था असते. अशा नकलेला त्या क्षेत्रातले लोक ‘मिरर’, म्हणजे आरसा म्हणतात. या आरशाच्या इतिहासातील दोन गोष्टी वाचकांपुढे ठेवण्याचा माझा विचार आहे.

पहिली गोष्ट १९९६ सालची, ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा शहरची. तेथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल नावाचा एक विद्वान होता. त्या काळी दूरच्या यंत्राशी बोलायचे ते बहुधा टेलिफोनच्या मंद तारेवरून. हजार पानांच्या मजकुरात एक ओळ बदलली, तर हजारही पाने पुन्हा पाठवायची काय? आणि दोन्ही प्रती शेजारी ठेवल्यावाचून कोठली ओळ बदलली हे कळावे कसे? ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी यावर जी तोड काढली, तिचे नाव ‘आर्-सिंक’.

मी पडलो शाळामास्तर, तेव्हा दाखला शाळेचाच देतो. समजा, हजेरीचे एक जाड रजिस्टर आमच्याकडे आहे आणि त्याची जुनी नक्कल तालुक्याच्या कचेरीत आहे. कचेरीतल्या कारकुनाने आपल्या प्रत्येक पानाची बेरीज मला फोनवरून सांगितली, तर मी माझ्या पानांशी ती ताडून पाहीन. जी पाने जुळत नाहीत तेवढीच पाठवीन. पण मी पहिल्याच पानावर एक नवे नाव घातले असेल, तर पुढची सारी नावे एकेक ओळ खाली सरकतील आणि एकही बेरीज जुळणार नाही! ट्रिजेलची खरी हुशारी येथे आहे. त्याची बेरीज पानाला बांधलेली नाही. ती चौकटीसारखी एकेक पाऊल पुढे सरकते. बाहेर गेलेला आकडा वजा करायचा, आत आलेला मिळवायचा, की नवी बेरीज तयार. त्यामुळे सरकलेला मजकूरही नेमका ओळखू येतो. ही बेरीज चटकन होणारी, म्हणून फसण्याचाही संभव. तेव्हा जेथे ती जुळते तेथे आणखी एक कडक परीक्षा घेतात. मग केवळ बदललेला भाग तारेवरून जातो.

हे काम ठरावीक वेळी आपोआप करण्याचा हुकूम यंत्राला देता येतो. रात्री माणसे झोपतात आणि आरसे पुसून लख्ख होतात. मुळातून जे काढले ते नकलेतूनही काढावे, असाही हुकूम देता येतो. दुसऱ्या गोष्टीचे बीज अशाच हुकुमात आहे.

‘के-डी-ई’ हा कॉम्प्यूटरच्या पडद्याची मांडणी करणारा, सर्वांना फुकट मिळणारा प्रकल्प. माथियास एट्रिख या जर्मन विद्यार्थ्याने तो १९९६ सालीच सुरू केला. देशोदेशींच्या माणसांनी हौसेने केलेले त्याचे लिखाण २०१३ साली सुमारे १५०० भांडारांत साठले होते. मूळ सर्व्हर एक, आरसे अनेक. त्यांची जुळणी करण्याची पद्धत आर्-सिंकहून निराळी होती. पण तत्त्व तेच. २२ मार्च २०१३ रोजी दुरुस्तीसाठी मूळ सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला, तो त्यावरील साठवणच बिघडलेली निघाली. भांडारांची यादीही बिघडली. यादीत जे नाही ते उडवावे, हा आरशांना शिकवलेला धडा. त्यांनी तो इमानेइतबारे पाळला आणि चांगल्या प्रती आपल्याच हातांनी नाहीशा केल्या! सुदैवाने नुकताच उभा केलेला एक नवा सर्व्हर होता. त्यावर सारी भांडारे धड सापडली. वर्षानुवर्षांचे श्रम वाचले ते त्या एका प्रतीमुळे.

यात यंत्राची लबाडी नाही. आरशाचा तो धर्मच आहे. समोरचा माणूस हसला तर हसायचे, जखमी झाला तर जखम दाखवायची. ‘हा बदल की हा घात?’ हे त्याने विचारावे तरी कसे?

पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती पुरी केली, तिच्यासाठी १२५९ हस्तलिखिते तपासली होती. सुखटणकर आणि त्यांच्यामागून आलेले संपादक यांना मूळ पाठाचा माग लागला, तो त्या पोथ्या सारख्या नव्हत्या म्हणून. काश्मीरच्या शारदा लिपीतली पोथी आणि केरळातली मल्याळम लिपीतली पोथी शेकडो वर्षे एकमेकींपासून दूर राहिल्या. म्हणून त्या जेथे एकमुखाने बोलतात, तेथे त्यांच्या साक्षीला वजन येते. त्या पोथ्यांना कोणी रोज रात्री एकसारखे करीत असता, तर एकाची चूक सर्वांची झाली असती आणि साक्ष द्यायला कोणीच उरले नसते.

तात्पर्य, आरसा वेगळा आणि ठेव वेगळी. आरसा आजचे रूप दाखवतो. ठेव कालचे रूप सांभाळते. घरात दोन्ही हवीत. लक्ष्मीपूजनाला आपण वह्या पुजतो, त्याच दिवशी घरातल्या फोटोंची आणि कागदपत्रांची एक प्रत काढावी, वर तारीख घालावी, आणि कोणत्याही तारेला न जोडता ती कपाटात ठेवून द्यावी. पुढच्या दिवाळीला दुसरी काढावी. पहिली मात्र पुसू नये.