ट्रस्ट मोडला तेव्हा

मुंबईतल्या प्लेगच्या गोष्टी मावळातल्या आमच्या भाजे गावात आपल्याच वाड्यात घडल्यासारख्या सांगितल्या जायच्या. भात झोडून झालं की गावातले गडी मळवलीला गाडी धरून मुंबई गाठायचे. आमचे पणजोबा, म्हणजे तात्या, त्यांतलेच. आमचे आजोबा, आबा, सांगायचे, "तात्या ट्रस्टच्या कामावर व्हते. आधी चाळ पाडायची, मंग खडी टाकायची. ज्यांची चाळ पाडली ती मान्सं कुठं गेली, ते कुनी इचारलं न्हाई."

हा ट्रस्ट म्हणजे बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि सरकार हादरलं. दाट वस्तीत उजेड नाही, वारा नाही, म्हणून रोग पसरतो, असं तेव्हाचं मत. १८९८ मध्ये खास कायदा करून हे मंडळ नेमलं. जमिनी ताब्यात घ्यायच्या, घरं पाडायची, रस्ते काढायचे, असे मोठे अधिकार त्याला दिले. समुद्राचा वारा आत यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड काढले. दादर-माटुंग्याची आखीव वस्तीही त्याचीच. ही कामं थोर होती, यात शंका नाही. पण पाडलेल्या घरांतली गरीब माणसं शेजारच्या चाळींत जाऊन आणखी दाटली, आणि हा दोष मला त्या सगळ्या रस्त्यांपेक्षा मोठा वाटतो.

ट्रस्टने चाळीही बांधल्या. आग्रीपाडा, नागपाडा, परळ. एक खोली, सामाईक नळ, सामाईक संडास. परळच्या अशाच चाळीत १९१२ पासून बाबासाहेब आंबेडकरांचं कुटुंब राहिलं. पुढे बाबासाहेबांनी 'राजगृह' बांधलं ते दादरच्या हिंदू कॉलनीत, म्हणजे ट्रस्टनेच आखलेल्या वस्तीत. लहानपणी आबाही तात्यांबरोबर एका ट्रस्टच्या चाळीत राहिले. जिन्याखालच्या ओलीचा वास त्यांना म्हातारपणीही आठवायचा.

मंडळावर सरकारने नेमलेली माणसं असत. पालिकेचे प्रतिनिधी मोजके, पण पालिकेच्या उत्पन्नातला वाटा मात्र ट्रस्टला जायचा. यावरून वर्षानुवर्षं कुरबूर चालली. १९२५ मध्ये कायदा होऊन ट्रस्टचा कारभार पालिकेकडे वळू लागला आणि १९३३ मध्ये तो पुरता पालिकेत विलीन झाला. आबा म्हणायचे, "भाडं घ्यायला कारकून त्योच आला. पावतीवरचं नाव तेवढं बदललं."

त्यांचं म्हणणं खरंच होतं. मंडळ निवडून आलेल्या पालिकेत गेलं, पण त्या पालिकेला मत कोण देत होतं? १९२२ पासून महिना दहा रुपये भाडं भरणाऱ्याला मताचा हक्क मिळाला होता. आमच्या तात्यांच्या खोलीचं भाडं त्याच्या कितीतरी खाली. प्रौढ मताधिकारावर मुंबई पालिकेची पहिली निवडणूक झाली १९४८ साली. ट्रस्ट मोडल्यावर जाब विचारायला चाळकऱ्याला आणखी पंधरा वर्षं लागली.

ट्रस्टच्या काही चाळी आजही उभ्या आहेत, 'बी.आय.टी. चाळी' याच नावाने.

हे सगळं मी भाज्यात बसून लिहितो, कारण मंडळं अजूनही नेमली आणि मोडली जातात. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१५ मध्ये स्थापन झालं, आपला मावळ त्याच्याच हद्दीत आला. २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण बरखास्त झालं, त्याचा काही भाग महापालिकेकडे आणि बाकीचा पुणे महानगर प्रदेशाच्या प्राधिकरणाकडे गेला. प्राधिकरणाला भाज्यातला माणूस मत देत नाही. त्याच्या हातात आहे ती ग्रामसभा. लेणी, लोहगड-विसापूरची वाट, इंद्रायणीकाठची भातखाचरं यांवर कुणी रेघ ओढणार असेल, तर ती ओढण्याआधी ग्रामसभेला या, नकाशा मागा आणि हरकत लेखी नोंदवा. तात्यांच्या वेळच्या चाळकऱ्यांना ती सोय नव्हती.