काळ्या मातीतील पाया

यवतमाळ जिल्ह्यास कापसाचे वैभव देणारी काळी माती बांधकामाची मात्र कसोटी पाहत आली. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. परिणामी भिंतींना तडे जातात, रस्ते उखडतात. म्हणूनच काळी माती उपसून मुरमापर्यंत पाया नेण्याची जुन्या गवंड्यांची रीत होती. मुरूम फार खोल असेल तेथे पुढे नवा उपाय आला. १९४७ साली स्थापन झालेल्या रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी फुगवटा असलेले खांब विकसित केले. सुमारे ३.५ मीटर खोलीवर ऋतुमानाचा ओलावा फारसा बदलत नाही. तेथे ते स्थिर राहतात. रस्त्याखालील मातीत चुना मिसळल्यास तिचे फुगणे घटते. शिखर सर्वांस दिसते. त्याचे आयुष्य मात्र भूगर्भातील पाया ठरवितो. नवी वास्तू उभारण्यापूर्वी मृदापरीक्षण अवश्य व्हावे.