शमीच्या सावलीतली दुबई

आपल्या गोव्यात असा वाडा शोधून सापडायचा नाही, जिथून एकही माणूस 'गल्फाक' गेला नाही. तिथून येणाऱ्या फोटोंचे अल्बम आमच्या लहानपणी घरोघर फिरायचे. मला त्यात एका गोष्टीचं नेहमी कोडं पडे. वाळवंट कुठे आहे? प्रत्येक फोटोत गालिच्यासारखी हिरवळ, तिच्यावर चटई, मधोमध जेवणाचे डबे आणि मागे झोपाळे! आमच्या पणजीत मिरामारच्या वाळूत भेळ खाणारी कुटुंबं आणि तिकडे वाळूच्या देशात हिरवळीवर बसलेली कुटुंबं, असा उलटा प्रकार.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरात बहिणीकडे दुबईला गेलो. मॉल एका दिवसात आटोपले (मॉलमध्ये काय बघायचं असतं, हे मला अजून कळलेलं नाही). उरलेले दिवस मात्र त्या हिरवळींचा इतिहास शोधण्यात गेले.

दुबईचं बाहेर फिरणं तेलाहून जुनं आहे. वीज नव्हती तेव्हा उन्हाळ्यात खाडीकाठची घरं सोडून कुटुंबं ताडपत्री... म्हणजे आपली प्लॅस्टिकची नव्हे, खजुराच्या झावळ्यांनी शाकारलेल्या झोपड्यांत राहायला जात. जुमेरा हा त्यावेळी शहराबाहेरचा समुद्रकिनारा होता. तिथे शेख रशीद यांनी 1955 साली उन्हाळ्यात बसण्याउठण्यासाठी बांधलेली माडी अजून उभी आहे. प्रवाळी दगड, गच्ची, भोवती खजुरीची बाग. वारा कुठून येतो ते पाहून बसायचं, हेच तिथलं सगळं वास्तुशास्त्र. त्या काळात दुबईत आपला रुपया चालत होता, हे आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही. 1959 पासून रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा रुपया छापला आणि तो तिथे 1966 पर्यंत चालला. दुबईला तेल सापडलं तेही 1966 सालीच.

पुढच्याच वर्षी, 1967 मध्ये, जुमेऱ्यात प्राणिसंग्रहालय सुरू झालं. ओटो ब्यूलोव नावाच्या ऑस्ट्रियन इंजिनिअरने शेख रशीद यांच्याकडून जागा मिळवून ते उभं केलं, 1971 साली ते नगरपालिकेकडे आलं. जागा फार थोडी, पिंजरे दाटीवाटीचे. तरी एका पिढीच्या भारतीय मुलांनी पहिला सिंह तिथेच पाहिला. 2017 च्या नोव्हेंबरात ते बंद झालं, आणि पुढच्याच महिन्यात शहराबाहेर मोठी सफारी सुरू झाली.

अल्बममधली हिरवळ बहुतेक सफा पार्कची. हे उद्यान 1975 साली झालं तेव्हा भोवती मोकळी वाळू होती, नंतर शहरच त्याच्याभोवती वाढलं. तीन दिरहम तिकीट आणि आठवड्यातला एक दिवस बायका-मुलांसाठी राखलेला. 1994 मध्ये खाडीकाठचं क्रीक पार्क आणि समुद्रकाठचं ममझर पार्क आलं. सफाचा मोठा तुकडा पुढे कालव्यात गेला. तो कालवा 2016 मध्ये खुला झाला. बहिणीच्या पिढीला त्याचा अजून राग आहे. वाढदिवस, मंडळाच्या सहली, नव्याने आलेल्या सुनांच्या ओळखी, सगळं त्या हिरवळीवर झालेलं. फ्लॅटची एक खोली दुसऱ्या कुटुंबाला भाड्याने दिलेली असायची, मग पाहुणे बसवणार कुठे? उद्यान हीच बैठकीची खोली.

आता ही हिरवळ जगते कशावर? आपल्याकडे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, तिथे शंभरसुद्धा नाही. उत्तर साधं आहे. शहराचं सांडपाणी शुद्ध करून नळ्यांतून झाडांच्या मुळाशी सोडतात. आणि त्या नळ्या बघायला माणसं लागतात.

इथेच मला 'फॅमिली' या शब्दाचा तिथला अर्थ कळला. आखाती शहरांत काही उद्यानांवर, किनाऱ्यांवर सुट्टीच्या दिवशी 'ओन्ली फॅमिलीज' अशी पाटी असे. एकटा पुरुष म्हणजे 'बॅचलर', मग गावी त्याला चार मुलं का असेनात! कुटुंब आणायची परवानगी पूर्वी हुद्द्यावर अवलंबून असे. 2019 पासून अमिरातीत ती पगारावर आहे, महिना चार हजार दिरहम, किंवा तीन हजार आणि राहायला जागा. म्हणजे हिरवळीवर कुटुंब घेऊन बसणारा आणि हिरवळीला पाणी घालणारा यांच्यात ही एक रेघ आहे. अल्बममध्ये ती दिसत नाही.

सर्वांत आवडलं ते शहराच्या कडेचं मुश्रीफ पार्क. गाडीचं तिकीट काढून आत गेलं की हिरवळ कमी आणि झाडं जास्त. शेगड्या पेटवायला जागा आहेत, मुलांना धावायला रान आहे. झाडं काटेरी, बारीक पानांची, सावली विरळ पण थंड. पाटीवर नाव 'घाफ'. हे अमिरातीचं राष्ट्रीय झाड. मुळं म्हणे 30 मीटरपर्यंत खोल जातात, त्यामुळे वरून कुणी पाणी घातलं नाही तरी चालतं. उंट-शेळ्या त्याचा पाला खातात आणि बदूंच्या बैठका त्याच्याच खाली भरत. सफाची हिरवळ नगरपालिकेने केली, पण वाळवंटातल्या कुटुंबाची पहिली पिकनिक या झाडाखालीच झाली असणार.

मी पान हातात घेऊन बघत होतो. नळ्या तपासणारा एक माळी जवळ आला आणि आमचं बोलणं ऐकून चक्क मराठीत म्हणाला, "भाऊ, हे जम्मी होय. दसऱ्याचं झाड."

तो बेज्जूरचा. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेलं हे गाव 2016 पासून कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. प्राणहितेपलीकडे आपला गडचिरोली जिल्हा, त्यामुळे मराठी त्याला परकी नव्हती. घाफ, जम्मी, राजस्थानातली खेजडी आणि आपली शमी, चवथीच्या पत्रीत गणपतीला वाहतो ती, हे सगळं एकच झाड. पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रं ठेवली ती हिच्याच ढोलीत. जोधपूरजवळ खेजडलीला 1730 मध्ये 363 बिश्नोई माणसांनी जीव दिला तेही हिच्यासाठीच. तेलंगणाने तिला राज्यवृक्ष केलं आहे. तिथे दसऱ्याला तिचीच पानं सोनं म्हणून वाटतात, आपण आपटा देतो तशी.

बेज्जूरला चहूकडे जंगल. तिथला माणूस वाळवंटात झाडं जगवायला येतो, याचं मला नवल वाटलं. त्याला अजिबात वाटत नव्हतं. उन्हाळ्यात 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद, तेव्हा इथेच सावलीला बसतो म्हणाला. पगार हजार दिरहमच्या आसपास. रजा दोन वर्षांनी, तीही मालक देईल तेव्हा, त्यामुळे गावचा दसरा काही साधत नाही.

बहिणीने त्याला डब्यातल्या करंज्या दिल्या. घरी कोण कोण, विचारलं. बायको, आई आणि नऊ वर्षांची मुलगी. मुलीला कधी इथे आणता आलं तर हे उद्यान दाखवशील ना, असं मी म्हटलं.

तो हसला. "झाडं तिनं लई पाहिली, भाऊ. तिले उंट पाहायचा हाय."