सुरतेचे खासदार, कऱ्हाडचे आमदार

मराठी घरात मोरारजी देसाईंचे नाव सहसा चांगल्या शब्दांत निघत नाही. सुरतेने मात्र त्यांना १९५७ पासून १९७७ पर्यंत लागोपाठ पाच वेळा लोकसभेत पाठवले आणि शेवटच्या खेपेला तर ते पंतप्रधानच झाले. मी मराठी आहे आणि सुरतेचा मतदारही आहे. त्यामुळे या माणसाविषयी दोन्हीकडची बोलणी मी आयुष्यभर ऐकली. त्यांच्यासमोर दुसरे नाव ठेवल्याशिवाय मात्र मला मोरारजी नीट दिसत नाहीत. ते नाव यशवंतराव चव्हाणांचे.

आधी मी सुरतेचा कसा झालो ते सांगतो. आमचे गाव निझरच्या बाजूला, तापीकाठी. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती, अशी आमची रीत. गाव पश्चिम खानदेशात होते. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले, तेव्हा नंदुरबार, नवापूर, तळोदा आणि अक्कलकुवा तालुक्यांतली बरीच गावे गुजरातला गेली, त्यांत आमचेही. आम्ही जागचे हललो नाही, पण पत्रावरचा जिल्हा बदलला. मी तेव्हा सोळा वर्षांचा. पुढे टपाल खात्यात सॉर्टर म्हणून लागलो आणि सुरतेत सलाबतपुऱ्यात खोली घेतली. जुन्या जिल्ह्याचे नाव घातलेली पत्रे भटकत भटकत यायची, ती योग्य पिशवीत टाकताना मला आमची रेघ ओढणारे ते दोघे हटकून आठवत. एक राज्याचे तुकडे नको म्हणणारा, दुसरा ते करून घेणारा.

या दोघांची ओळख १९४६ ची. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात मोरारजी गृहमंत्री होते. साताऱ्यातून निवडून आलेला तेहेतीस वर्षांचा एक वकील त्यांचा संसदीय सचिव झाला, तो यशवंतराव. चार वर्षांपूर्वीच बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत राहून पोलिसांना हुलकावण्या दिलेला माणूस आता पोलीस खात्याच्या फायली चाळत होता. मोरारजी ब्रिटिश अमदानीत डेप्युटी कलेक्टर होते, १९३० साली नोकरी सोडून चळवळीत आले. नोकरी सुटली तरी कलेक्टराची शिस्त काही सुटली नाही. फाइल वेळेवर हवी, शब्द मोजून हवा, आणि एकदा ठरले की ठरले. चव्हाण स्वभावाने याच्या अगदी उलट. समोरच्याचे पुरते ऐकून घ्यायचे, आपले मत पोटात ठेवायचे आणि वेळ आली की पाऊल टाकायचे. माझ्या मते कारभार ते मोरारजींच्या हाताखाली शिकले आणि राजकारण साताऱ्यात.

१९५२ च्या निवडणुकीत मोरारजी फक्त एकोणीस मतांनी पडले. पडलेला माणूस मुंबई राज्याचा मुख्यमंत्री कसा होतो, असे विचारणाऱ्यांना उत्तर मिळाले ते पोटनिवडणुकीचे. चव्हाण त्यांच्या मंत्रिमंडळात पुरवठामंत्री झाले.

मग १९५५ आले. मुंबई कोणाची, हा प्रश्न पेटला. २० नोव्हेंबरला चौपाटीवर मोरारजी आणि स. का. पाटील यांची सभा झाली. काँग्रेस जिवंत आहे तोवर मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, अशा अर्थाचे मोरारजी बोलले आणि सभा उधळली गेली. दुसऱ्याच दिवशी फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याचे जाहीर केल्यावर तर आठवडाभर गोळ्या चालल्या. त्या आंदोलनातले १०६ हुतात्मे महाराष्ट्र विसरलेला नाही. न्यायालयीन चौकशीची मागणी झाली, ती मोरारजींनी मानली नाही. याच्याच निषेधार्थ चिंतामणराव देशमुखांनी केंद्रातले अर्थमंत्रिपद सोडले.

या सगळ्या काळात यशवंतराव मोरारजींच्या मंत्रिमंडळातच होते, हे आपण सोयीने मागे टाकतो. संयुक्त महाराष्ट्र की नेहरू, असा प्रसंग आला तर मी नेहरूंच्या बाजूने, असे ते म्हणाले, आणि लोकांनी त्यांना सूर्याजी पिसाळ ठरवले. साक्रीच्या आमच्या मामांना हे नाव इतके आवडले होते की पुढे यशवंतराव महाराष्ट्राचे लाडके झाल्यावरही ते त्यांना त्याच नावाने संबोधत. मोरारजींचा विषय निघाला की तेच मामा मला विचारत, ‘काय रे भाचा, तुमना मोरारजी काय म्हनस?’

गुजरातेत तरी मोरारजींचे कौतुक होते का? तेही नाही. ऑगस्ट १९५६ मध्ये मराठी आणि गुजराती मुलखांचे मिळून एकच विशाल द्विभाषिक राज्य ठरले, तेव्हा अहमदाबादची पोरे रस्त्यावर आली आणि तिथेही गोळीबार झाला. इंदुलाल याज्ञिकांची महागुजरात चळवळ मोरारजींच्या विरोधात उभी राहिली. मोरारजी अहमदाबादेत जाऊन उपोषणाला बसले. एकाच वर्षात मराठी आणि गुजराती अशा दोन्ही माणसांच्या शिव्या खाणारा मुख्यमंत्री दुसरा शोधून सापडायचा नाही.

आणि याच वर्षाच्या शेवटी ती गोष्ट घडली, जिच्यासाठी मी हे लिहायला बसलो. द्विभाषिक राज्यातल्या काँग्रेस आमदारांना आपला पहिला नेता, म्हणजेच मुख्यमंत्री, निवडायचा होता. नाव मोरारजींचेच होते. भाऊसाहेब हिरे त्यांच्याविरुद्ध उभे राहायला निघाले. एकमताने निवड होणार असेल तरच मी नेता होईन, निवडणूक लढवणार नाही, असे मोरारजींनी सांगितले आणि ते बाजूला झाले. लढत हिरे आणि चव्हाण यांच्यात झाली. मोरारजींचा पाठिंबा यशवंतरावांना होता, गुजराती आमदारांचे बळ त्यांच्या मागे उभे राहिले आणि ते मोठ्या फरकाने निवडून आले. १ नोव्हेंबर १९५६ ला त्रेचाळीस वर्षांचे यशवंतराव मुख्यमंत्री झाले आणि मोरारजी दिल्लीला गेले. मोरारजींनी हा मोठेपणा केला की हिऱ्यांना रोखण्यासाठी डाव टाकला? दोन्ही असणार. राजकारणातला माणूस दोन्ही एकदमच करतो. पण महाराष्ट्राला जो मुख्यमंत्री मिळाला, तो महाराष्ट्राने ज्याला सर्वांत जास्त शिव्या दिल्या त्याच्या मदतीने मिळाला, हे शाळेच्या पुस्तकात मी कधी वाचले नाही.

चव्हाणांनी या उपकाराची फेड कशी केली? मोरारजींना जे नको होते, तेच त्यांनी शांतपणे घडवून आणले. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली. कऱ्हाडची स्वतःची जागाही यशवंतराव जेमतेम राखू शकले. त्याच निवडणुकीत मोरारजी सुरतेतून लोकसभेवर गेले. द्विभाषिक चालणार नाही, हे यशवंतरावांनी आवाज न चढवता दिल्लीच्या गळी उतरवले. दोन वर्षे लागली. इंदिरा गांधी काँग्रेसच्या अध्यक्ष असताना तो निर्णय पक्का होत गेला. मोरारजी तेव्हा केंद्रात अर्थमंत्री होते. महाराष्ट्राने गुजरातला तुटीसाठी आणि नव्या राजधानीसाठी पैसे द्यायचे ठरले आणि मे १९६० ला आमचा जिल्हा बदलला.

१९६२ च्या नोव्हेंबरात चीनपुढे माघार घेतलेल्या देशाला नवा संरक्षणमंत्री हवा होता. नेहरूंनी यशवंतरावांना बोलावले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे मराठी माणूस छाती फुगवून म्हणाला. पण सह्याद्रीला तोफा घ्यायला पैसे लागतात, आणि तिजोरीच्या किल्ल्या सुरतेच्या खासदाराकडे होत्या. १९६३ च्या अर्थसंकल्पात मोरारजींनी संरक्षणासाठी ८६७ कोटी रुपये ठेवले. त्या काळी हा आकडा वाचून माणसे थबकत. त्यासाठी कर वाढले, सक्तीची बचत योजना आली, आणि त्याच वर्षी सोने नियंत्रणाने चौदा कॅरेटहून शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. देशभरच्या सोनारांच्या चुली विझल्या. सुरत हे जरीचे आणि सोन्याचांदीचे गाव. आपल्याच खासदाराचा हा घाव इथल्या सोनारांनी सोसला. मी १९६७ मध्ये पहिले मत दिले ते मोरारजींनाच, आणि आमच्या चाळीत खाली राहणाऱ्या सोनाराने मला विचारले, ‘भाई, तमे पण?’ त्याने स्वतः कोणाला दिले ते मात्र सांगितले नाही.

पुढचा काळ झरझर सांगतो, कारण त्यात पहिल्यासारखा रस नाही. मंत्र्यांनी पदे सोडून पक्षाचे काम करायचे, या कामराज योजनेत ऑगस्ट १९६३ मध्ये मोरारजी मंत्रिमंडळाबाहेर गेले, चव्हाण राहिले. जानेवारी १९६६ मध्ये शास्त्रीजींनंतर मोरारजी पंतप्रधानपदासाठी इंदिराजींविरुद्ध लढले आणि १६९ विरुद्ध ३५५ मतांनी हरले. यशवंतराव इंदिराजींच्या बाजूला होते. जुलै १९६९ मध्ये बंगळूरला राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीवरून दोघांनी एकदाच एका बाजूला मत दिले, संजीव रेड्डींसाठी, इंदिराजींच्या मनाविरुद्ध. काही दिवसांत मोरारजींचे मधल्या काळात परत मिळालेले अर्थखाते गेले. पक्ष फुटला तेव्हा मोरारजी एका काँग्रेसमध्ये आणि चव्हाण दुसरीत. १९७० साली चव्हाण अर्थमंत्री झाले, मोरारजींच्याच खुर्चीवर. आणीबाणीत मोरारजी एकोणीस महिने स्थानबद्ध होते आणि चव्हाण परराष्ट्रमंत्री होते. चव्हाणांनी राजीनामा दिला असता तर काय झाले असते, हे कोण सांगणार? पण त्यांनी तो दिला नाही.

१९७७ च्या मार्चमध्ये मोरारजी पंतप्रधान झाले, तेव्हा सुरतेत मिठाई वाटली गेली. आमच्या ऑफिसातल्या मराठी मंडळींनीही ती खाल्ली. सभागृहात समोरच्या बाकावर विरोधी पक्षनेते म्हणून बसले यशवंतराव. एकतीस वर्षांपूर्वीचा संसदीय सचिव.

११ जुलै १९७९ ला मोरारजींच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव मांडला तोही यशवंतरावांनीच. सुरुवातीला तो पडेल असेच सगळ्यांना वाटत होते. पण जनता पक्षच आतून फुटत गेला आणि मतदानाआधीच, १५ जुलैला, मोरारजींनी राजीनामा दिला. ‘गुजरातमित्र’ वाचून दाखवणारा आमचा शिपाई मला म्हणाला, तुमच्या मराठ्याने आमचा पंतप्रधान पाडला. शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० मध्ये सुरत लुटली, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक. त्यात ही तिसरी भर. मी त्याला सांगितले की सरकार पाडले ते मोरारजींच्या स्वतःच्या माणसांनी, यशवंतरावांनी फक्त कागद पुढे ठेवला. पण मला स्वतःलाही ते उत्तर पुरेसे वाटत नव्हते. २८ जुलैला यशवंतराव नवे पंतप्रधान चरणसिंग यांचे उपपंतप्रधान झाले. ते सरकार २० ऑगस्टला लोकसभेला सामोरे न जाताच पडले. त्या पदासाठी यशवंतरावांनी फार मोठी किंमत मोजली, असे माझे मत आहे.

१९८० ची निवडणूक मोरारजींनी लढवली नाही. यशवंतराव साताऱ्यातून आले, त्यांच्या पक्षाचे महाराष्ट्रातले एकटेच. ते २५ नोव्हेंबर १९८४ ला गेले. मोरारजी १० एप्रिल १९९५ ला मुंबईत गेले, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांनीच कधी महाराष्ट्राला नाकारलेल्या त्या शहरात.

दोघे मित्र होते का? एकमेकांच्या घरी जेवायला जाण्याची मैत्री मी म्हणत नाही. पण एकाने दुसऱ्याला कारभार शिकवला, राज्य त्याच्या हाती जाऊ दिले, युद्धाच्या काळात त्याला पैसा दिला. दुसऱ्याने पहिल्याचे द्विभाषिक राज्य मोडले, त्याची खुर्ची घेतली, त्याच्यावर अविश्वास मांडला. जानेवारी १९५६ चा गोळीबार आणि नाकारलेली चौकशी मी मोरारजींना माफ करत नाही, आणि हुतात्मा चौकात उभे राहून कुणीही करू नये. पण त्याच वर्षाच्या अखेरीस मोरारजी बाजूला झाले नसते, तर यशवंतराव तेव्हा मुख्यमंत्री झाले नसते. ही नोंद आपल्या पाठ्यपुस्तकात यायला हवी.