कापलेला शर्ट आणि इंचाचा आठवा भाग

अमेरिकेच्या दक्षिणेकडल्या राज्यांत हरणांच्या शिकारीचे जे जुने तळ आहेत, तिथल्या लाकडी भिंतींवर शिंगांच्या शेजारीच शर्टांच्या चिंध्या ठोकलेल्या दिसतात. चौकडीच्या शर्टाचा पँटमध्ये खोचायचा मागचा भाग, वीतभर रुंद, शिकारीच्याच सुरीनं कापलेला. त्यावर शाईनं नाव आणि साल. ज्याचा बार हुकला आणि नर हरीण डोळ्यांदेखत निसटलं, त्याला त्या संध्याकाळी शेकोटीपुढे उभं करायचं. मग रीतसर चौकशी. अंतर किती होतं, नेम कुठे धरला होतास, मध्ये झाड कुठून आलं? सगळ्या सबबी गंभीर चेहऱ्यानं ऐकून घ्यायच्या आणि शर्ट कापायचा. न्यायाधीश असो की बँकेचा मॅनेजर, माफी कोणालाच नाही. जाणते गडी त्या दिवसांत कपाटातला सर्वांत जुना शर्ट घालून येतात.

हरणांच्या शिकारीचा इतिहास सहसा शिंगं मोजणाऱ्यांनी लिहिलेला आहे. त्यांच्या दप्तरात एकच अट: हरीण मेलेलं हवं आणि शिंगं टेबलावर हवीत. शिकाऱ्यांच्या गप्पा मात्र मुख्यतः दुसऱ्या दप्तरावर चालतात, त्या भिंतीवरच्या चिंध्यांवर. गंमत अशी, की पहिलं दप्तर नीट चाळलं तर त्याच्या अगदी वरच्या पानांवरही हुकल्याच्या आणि हरवल्याच्याच कथा निघतात.

शिंगांचं हे वेड वाढलं ते टंचाईच्या काळात. पांढऱ्या शेपटीचं हरीण एकेकाळी अमेरिकेत इतकं मुबलक होतं की त्याच्या कातड्यावर वसाहतींचा व्यापार चालायचा. एकोणिसाव्या शतकात मांस विकण्यासाठी शिकार करणाऱ्यांनी रानंच्या रानं रिकामी केली आणि १९०० च्या सुमारास देशभरात जेमतेम पाच लाख हरणं उरल्याचा अंदाज सांगितला जातो. याच ओहोटीत, १८८७ साली, थिओडोर रूझवेल्टनं मित्रांना जमवून बून अँड क्रॉकेट क्लब काढला. पळायला वाव असलेल्या मोकळ्या जनावरामागे जाऊनच शिकार करावी, असा या मंडळींचा आग्रह होता. रूझवेल्टची नजर अधू, चष्मा जाड, आणि आपण काही फार चांगले नेमबाज नाही हे तो स्वतःच कबूल करायचा. हुकलेल्या बारांची त्याला चांगलीच ओळख असणार.

क्लबचं पहिलं नोंदपुस्तक १९३२ साली निघालं आणि आज चालते ती गुणपद्धत १९५० साली पक्की झाली. ती बघण्यासारखी आहे. शिंगं कापून आणली की लगेच मोजत नाहीत. ती सुकताना थोडी आकसतात, म्हणून ६० दिवस थांबायचं. मग पोलादी पट्टी घेऊन मुख्य दांड्याची लांबी, प्रत्येक फाट्याची लांबी, दोन शिंगांमधलं आतलं अंतर आणि प्रत्येक दांड्याचा चार ठिकाणी घेर, सगळं इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजायचं. ही झाली बेरीज. खरी मेख पुढे आहे. डावं शिंग आणि उजवं शिंग यांत जिथे जिथे फरक पडेल, तो वजा होतो. डावीकडचा फाटा दोन इंचांनी लांब भरला तर ते दोन इंच गेले. निसर्गानं जास्त दिलं म्हणून दंड! वेडेवाकडे, जादा फाटे असलेल्या शिंगांसाठी वेगळा वर्ग आहे, पण ‘नमुनेदार’ वर्गात दोन्ही बाजू आरशात बघितल्यासारख्या सारख्या हव्यात.

आपल्याकडच्या संस्थानिकांना हा हिशेब चमत्कारिक वाटला असता. हिंदुस्थानातले शिकारी लंडनच्या रोलंड वॉर्डच्या पुस्तकात आपल्या काळविटाचं नाव लागावं म्हणून धडपडायचे. ते पुस्तक १८९२ पासून निघत होतं आणि तिथे काळविटाच्या शिंगाची लांबी भरली की काम झालं. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमध्ये भुसा भरलेली जनावरं आजही दिसतात. त्या वैभवात कापलेल्या शर्टाला कुठे जागा असणार? दरबारी शिकारीत महाराजांचा बार हुकला असं म्हणणार तरी कोण?

तर पुन्हा अमेरिकेच्या रानात. मोठा नर समोर आल्यावर शिकाऱ्याला जे होतं त्याला तिकडे ‘बक फीव्हर’ म्हणतात. ताप-बीप काही नसतो. छाती धडधडते, हात थरथरतात, तोंडाला कोरड पडते. आठवडाभर झाडावरच्या मचाणावर थंडीत कुडकुडत बसलेल्या माणसाची ऐन वेळी पाचावर धारण बसते. कोणी बंदुकीचा खटका उघडायला विसरतो, कोणी दुर्बिणीच्या भिंगावरचं झाकण काढत नाही. सगळ्यांत नमुनेदार प्रकार असा: शिकारी खांद्याला बंदूक लावतो, चापाला बोटही न लावता खटाखट कळ ओढत जातो आणि एकेक न उडालेलं काडतूस पायाशी पडत राहतं. मागाहून तो शपथेवर सांगतो की आपण पाच बार काढले. सोबती खाली वाकून पाच अख्खी काडतुसं उचलून त्याच्या हातात ठेवतो.

शरीरात अॅड्रेनलिन उसळलं की बारीक हालचालींवरचा ताबा सुटतो, नजर एका बिंदूवर खिळते. तो बिंदू बहुतेक वेळा शिंगं असतात आणि गोळीही त्यांच्याच मागे वर जाते. म्हणून जुन्या माणसांचा सल्ला असा, की शिंगं एकदा बघून घे, मारायचं ठरव आणि मग पुन्हा त्यांच्याकडे बघू नकोस, खांद्यामागे बघ. हा सल्ला सगळ्यांना पाठ असतो. तेवढ्यात ते हरीण शेपटी उभारतं, तिची खालची पांढरीशुभ्र बाजू दोनदा झळकते आणि सावज झाडीत गडप.

हुकलेल्या हरणाला पट्टी कधी लागत नाही, त्यामुळे त्याची शिंगं सांगणाऱ्याच्या तोंडी दरवर्षी वाढतात. मात्र ही निव्वळ बढाई नव्हे. शिंगं हिवाळ्याच्या अखेरीस गळून पडतात, उन्हाळ्यात नवी येतात, आणि नर पाच ते सात वर्षांचा होईपर्यंत साधारण ती वाढतच जातात. यंदा निसटलेला तरणा नर पुढच्या वर्षी खरोखर मोठा होऊन येऊ शकतो. वसंतात बर्फ वितळलं की शिकारी पाचोळा तुडवत गळलेली शिंगं शोधत फिरतात. खारी आणि उंदरांनी कुरतडायच्या आत एखादं सापडलं तर हुकलेला नर जिवंत आहे याचा पुरावा हाती येतो.

बार न हुकताही शिकार कशी हुकते, याचं उदाहरण म्हणजे जेम्स जॉर्डन. विस्कॉन्सिनमधल्या डॅनबरी गावाजवळचा हा २२ वर्षांचा गडी २० नोव्हेंबर १९१४ रोजी एगस डेव्हिस नावाच्या मित्राबरोबर बर्फात शिकारीला निघाला. मित्राला लवकरच एक मादी मिळाली आणि तो मागे राहिला. जॉर्डननं आपली सुरी त्याला देऊन टाकली आणि एकटाच पुढे मोठ्या पावलांचा माग काढत गेला. तो सांगायचा ती हकिकत अशी: जवळून जाणाऱ्या आगगाडीची शिट्टी झाली, त्या आवाजानं गवतात बसलेल्या नरानं डोकं वर काढलं. हलक्या जातीची रायफल, मोजकी काडतुसं. जखमी नर यलो नदीच्या दिशेनं पळाला, पाणी ओलांडून पलीकडे गेला आणि तिथे शेवटच्या गोळीला पडला. आता सुरी नाही! जॉर्डन मित्राला घेऊन परत आला, तर नर जागेवर नव्हता. धडपडत पुन्हा पाण्यात पडलेलं धूड प्रवाहाबरोबर खाली वाहत गेलं होतं आणि एका मोठ्या दगडाला अडकलं होतं.

इथपर्यंत नशीब जॉर्डनच्या बाजूचं होतं. वेबस्टर गावात व्हॅन कॅसल नावाचा एक गृहस्थ फावल्या वेळात जनावरांची मुंडकी भरायचा. त्यानं पाच डॉलरांत काम करून देतो म्हटलं. जॉर्डननं मुंडकं त्याच्या हवाली केलं. काही दिवसांनी कळलं की तो माणूस बिऱ्हाड हलवून मिनेसोटातल्या हिंकली गावी गेला. पुढे काही वर्षांनी जॉर्डन स्वतः हिंकलीला राहायला गेला, तोवर व्हॅन कॅसल फ्लोरिडाला पोचला होता. मुंडक्याचा पत्ता नाही.

ते होतं हिंकलीहून काही मैलांवर, सँडस्टोन गावात. तिथे जुन्यापुराण्या सामानाच्या विक्रीत जॉर्डनच्याच एका दूरच्या नातेवाइकानं ते विरलेलं, धूळ खात पडलेलं मुंडकं तीन डॉलरांना घेतलं. १९६४ साली त्यानं शिंगं मोजायला पाठवली. आकडा बघून मोजणाऱ्यांचे डोळे विस्फारले. नातेवाइकानं म्हाताऱ्या जॉर्डनला ती सहज दाखवली, तर तो म्हणाला, हा तर माझा नर! पन्नास वर्षांनी. पण पुरावा काय? फोटो नाही, पावती नाही. शिंगं १९६८ मध्ये १५०० डॉलरांना एका संग्राहकाकडे गेली, त्यातला छदामही जॉर्डनला मिळाला नाही. १९७१ साली क्लबनं २०६ १/८ गुणांनिशी नमुनेदार वर्गातला जागतिक विक्रम जाहीर केला. नोंदीत ठिकाण सँडस्टोन, मिनेसोटा, आणि शिकारी अज्ञात.

जॉर्डननं दावा सोडला नाही, बाहेरच्या मंडळींनीही त्याची बाजू लावून धरली. डिसेंबर १९७८ मध्ये क्लबनं नोंद दुरुस्त केली: जेम्स जॉर्डन, डॅनबरी, विस्कॉन्सिन. जॉर्डन त्याच वर्षी ऑक्टोबरात, वयाच्या ८६ व्या वर्षी वारला होता. सरकारी कचेऱ्यांत खेटे घालणाऱ्यांना ही वेळ ओळखीची वाटेल.

त्याचा जागतिक विक्रम मोडला तो कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात, बिगर गावाजवळ. शेतकरी मायलो हॅन्सनला तो नर मिळाला २३ नोव्हेंबर १९९३ रोजी, पण पंचक्रोशीत त्याची ख्याती आधीच झाली होती. शाळेच्या बसच्या चालकानं त्याला पाहिलं होतं, शेजाऱ्यांनी पाहिलं होतं, शिकारीला निघालेल्या टोळीच्या हातून तो निसटलाही होता. त्या दिवशी ताज्या बर्फात माग सापडला, तरी पहिले काही बार फुकटच गेले. हॅन्सनलाही थरथर सुटली होती, हे त्यानं मोकळेपणानं सांगून टाकलं. शेवटी त्याचीच गोळी लागली. शिंगं भरली २१३ ५/८.

वेड्यावाकड्या शिंगांच्या वर्गात तर अव्वल दोन नरांना कोणा शिकाऱ्याची गोळीच लागलेली नाही. पहिला सापडला नोव्हेंबर १९८१ मध्ये, मिसूरीत सेंट लुईस परगण्यातल्या रस्त्याकडेला, मेलेला. गुण ३३३ ७/८. शिकारीच्या ऐन हंगामात, एवढ्या मोठ्या शहराच्या कुशीत तो जगला आणि आपल्या मरणानं मेला. दुसरा १९४० साली ओहायोत रेल्वेमार्गालगत मरून पडलेला मिळाला. त्याची शिंगं केंट गावातल्या एका क्लबच्या भिंतीवर चाळीसेक वर्षं टांगलेली होती. खाली बसून लोक बिअर प्यायचे आणि त्यांतले बरेचजण आपापल्या हुकलेल्या नराचं वर्णन करत असणार. १९८३ मध्ये एका जाणकारानं ती विकत घेतली आणि गुण भरले ३२८ २/८. त्यातल्या एका फाट्याला आरपार भोक होतं. ते गोळीचंच, कोण्या अज्ञात शिकाऱ्याचा दोन इंचांनी हुकलेला बार, असं मानून किती लेख लिहिले गेले! पुढे, हरीण काढताना हजर असलेल्या एका वृद्धानं सांगितलं की ते कुंपणात अडकलं होतं आणि भोक तारेनं पडलं होतं. म्हणजे हुकलेला बारही कल्पनेतलाच निघाला.

निसटलेल्या नराला मान देणारेही झाले. आल्डो लिओपोल्ड हा वन्यजीवशास्त्रज्ञ स्वतः घडवलेलं धनुष्य घेऊन हरणांमागे हिंडायचा आणि वाया गेलेले बाणही रोजनिशीत टिपायचा. विल्यम फॉकनरच्या १९५५ सालच्या ‘रेस अॅट मॉर्निंग’ या कथेत मिस्टर अर्नेस्ट दिवसभर घोडा फेकून एका जुन्या नराचा पाठलाग करतो. नर टप्प्यात येतो, चाप ओढला जातो आणि नुसता खट्ट आवाज येतो. काडतुसं त्यानं आधीच मुद्दाम काढून ठेवलेली असतात. मिसिसिपीतल्या तळावर अशा माणसाचा शर्ट कापायचा की नाही, यावर रात्रभर वाद झाला असता.

आज अमेरिकेत या हरणांची संख्या तीन कोटींच्या घरात आहे. शिकारीवरचे कायदे आणि १९३७ पासून बंदुका-काडतुसांवरच्या करातून वन्यजीवांसाठी वेगळा निघणारा पैसा, हे त्यामागचं मोठं कारण. म्हणजे वाया गेलेल्या प्रत्येक काडतुसानंही हरणांच्या तिजोरीत भरच टाकली आहे. रानं पुन्हा भरली, तरी जॉर्डनची १९१४ सालची शिंगं अमेरिकेपुरती पहिल्या क्रमांकावर शंभराहून अधिक वर्षं टिकली. नोव्हेंबर २०२१ मध्ये इंडियाना राज्यात एका शिकाऱ्यानं क्रॉसबोनं नर टिपला, पुढच्या वर्षी क्लबच्या पंचांनी शिंगं मोजली आणि आकडा आला २११ ४/८. अमेरिकेचा विक्रम झाला. हॅन्सनच्या जागतिक विक्रमाला मात्र दोन इंच आणि एक अष्टमांश कमी पडले.