‘करी फेवर’ : एका इंग्रजी वाक्प्रयोगाचा इतिहास

‘करी फेवर’ म्हणजे वरिष्ठाची मर्जी संपादन करण्यासाठी त्याची खुशामत करणे. यातील ‘करी’ या क्रियापदाचा संबंध आपले विद्यार्थी, आणि क्वचित अध्यापकही, भोजनातील रश्शाशी जोडतात. तो निराधार आहे. पदार्थवाचक ‘करी’ तमिळ ‘करि’ या शब्दावरून आला. क्रियापद प्राचीन फ्रेंचमधील असून त्याचा मूळ अर्थ सिद्ध करणे, नीटनेटके करणे असा होता. इंग्रजीत त्याचे दोन व्यावसायिक अर्थ रूढ झाले. कमावलेल्या चामड्यावर अखेरचे संस्करण करणे हा एक, आणि घोड्याला खरारा करणे हा दुसरा. प्रस्तुत वाक्प्रयोग दुसऱ्या अर्थातून, म्हणजे मोतद्दाराच्या कामातून निघाला आहे.

मग ‘फेवर’ कोठून आला? मुळात तेथे ‘फेवर’ नव्हताच; ‘फोव्हेल’ हा घोडा होता. फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याच्या कारकिर्दीत ‘रोमां द फोव्हेल’ हे उपरोधकाव्य रचले गेले. त्याचा पहिला भाग 1310 चा, दुसरा 1314 चा. कर्ता म्हणून जेर्व्हे द्यू ब्यूस या राजदफ्तरातील लेखनिकाचे नाव घेतले जाते. तबेल्यातून राजवाड्यात आलेल्या या पिंगट घोड्याला खरारा करण्यासाठी राजे, पोप, सरदार व भिक्षू लोटतात. त्याच्या नावातील सहा अक्षरे खुशामत, लोभ, नीचपणा, चंचलपणा, मत्सर आणि भ्याडपणा या दुर्गुणांची आद्याक्षरे होत. दरबारातील माणसाने दरबाराविषयी असे लिहावे, हे धाडसच म्हणावयाचे. फिलिपचा सर्वसत्ताधीश बनलेला मंत्री आंगेरां द मारिन्यी राजाच्या मृत्यूनंतर 1315 मध्ये फासावर गेला. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील संगीतयुक्त हस्तलिखितात अभ्यासकांना त्याच्यावरील रोख दिसतो.

इंग्रजीत प्रारंभी ‘करी फेवेल’ असेच म्हटले जाई. 1589 मध्ये जॉर्ज पटनम याने तर दुर्गुणाला सद्गुणाचे नाव देणाऱ्या अलंकारालाच ‘करी-फेवेल’ म्हटले. मात्र घोड्याची कथा विस्मृतीत गेल्यावर अपरिचित ‘फेवेल’च्या जागी परिचित ‘फेवर’ येऊन बसला. हा बदल सोळाव्या शतकाच्या आरंभापासून आढळतो. लोकव्युत्पत्तीचे हे ठळक उदाहरण होय.

आज हा प्रयोग निंदाव्यंजकच आहे. स्वतःविषयी तो सहसा कोणी करीत नाही. तो नेहमी दुसऱ्याच्या वागण्याचे वर्णन असतो. आपल्याकडील ‘हांजी हांजी करणे’, ‘लोणी लावणे’ यांचीही हीच गत आहे.

तथापि या ध्वनिबदलाचा अर्थावर झालेला परिणाम कोशांत पुरेसा नोंदला जात नाही. मूळ काव्यात खरारा करणाऱ्यांइतकाच, किंबहुना अधिक, दोषी खरारा करवून घेणारा होता. घोडा गेला आणि त्याच्या जागी ‘कृपा’ हे निरुपद्रवी भाववाचक नाम आले. तेव्हापासून या वाक्प्रयोगात आरोपी म्हणून एकटा मोतद्दार उभा आहे.